हार्मोनच्या गोळीच्या साइड इफेक्टची भीती वाटतेय? गोळीच्या आधी वही काढा

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली (किंवा लागलीच नाही), रेडिएशन संपलं आणि आता डॉक्टर म्हणतात आजार परतू नये म्हणून रोज एक छोटीशी हार्मोन रोखणारी गोळी, निदान 5 वर्षं. भल्याभल्या बायका नेमक्या इथे अडकतात. केमोच्या वेळी विचार करायला सवडच नसते, ही गोळी मात्र घरात टेबलावर असते, घ्यायची की नाही ते रोज आपल्या हातात, त्यामुळे भीतीला भरपूर वेळ मिळतो. मी कोथरूडला राहते, स्वतः लेट्रोझोलवर आहे, डॉक्टर नाहीये, तेव्हा हे वाचून आपल्या मनाने काही बंद-चालू करू नका.

सगळ्यात आधी आपली गोळी नक्की कोणती ते बघा, कारण नेटवर सगळ्यांची खिचडी असते. टॅमॉक्सिफेन हे एक, बहुतेक वेळा 20 मिलिग्रॅम, पाळी चालू असलेल्यांना जास्त करून हेच देतात. ते इस्ट्रोजेनला, म्हणजे बायकांच्या हार्मोनला, गाठीच्या पेशींवर बसू देत नाही. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन हा दुसरा गट, पाळी गेलेल्यांसाठी, किंवा पाळी चालू असेल तर ओव्हरीज शांत करायच्या इंजेक्शनसोबत, आणि हा गट शरीरात इस्ट्रोजेन तयार होणंच जवळजवळ थांबवतो. मग त्रासही वेगवेगळे. दुसऱ्या गटात सांधे आखडतात, हाडं विरळ होतात. टॅमॉक्सिफेनमध्ये अंगातून वाफा (हॉट फ्लश), अंगावरून पांढरं जाणं, आणि क्वचित पायात रक्ताची गुठळी किंवा (मुख्यतः पाळी गेलेल्यांत) गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. वाफा दुसऱ्या गटातही येतातच म्हणा. पण लेट्रोझोल घेणारीने गर्भाशयाच्या कॅन्सरचं वाचत रात्र जागवायची काही गरज नाही.

आता वही. गोळी सुरू करायच्या आधीच्या आठवड्यात रोज दोन ओळी लिहा. सकाळी बोटं आखडतात का, गुडघा कुठल्या जिन्यावर बोलतो, झोप किती वेळा मोडते, घाम, मूड, वजन, आणि हो, नवराबायकोतलं सुद्धा, कोरडेपणा वगैरे, लाजायचं काय त्यात, वही आपलीच आहे. हे कशासाठी सांगते, तर अनास्ट्रोझोलचा एक मोठा अभ्यास झालाय, 2014 मध्ये छापून आला, कॅन्सर न झालेल्या पण धोका जास्त असलेल्या बायकांवर. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच. सांधे-स्नायूंच्या तक्रारी खऱ्या गोळीवाल्यांत 64 टक्के, आणि खोट्या गोळीवाल्यांत 58 टक्के! म्हणजे दुखणं खोटं असतं असं अजिबात नाही, गोळीने वाढतंच, पण त्या वयात दुखतच असतं बरंचसं आणि आपण सगळं बिल गोळीच्या नावावर फाडतो. आधीचं लिहिलेलं असलं की नवीन काय आणि जुनं काय ते कळतं, डॉक्टरांनाही कळतं. (एप्रिल-मे मध्ये सुरू करणार असाल तर तेही लिहा, पुण्यात तेव्हा सगळ्यांनाच हॉट फ्लश असतात.)

आणि बाकीच्यांचे किस्से जरा बाजूला ठेवा. जिला त्रास झाला ती लिहिते, जिला फारसं काही झालं नाही ती मंडईत भाजी घेत असते, ती कशाला लिहायला बसेल.

डॉक्टरांकडे जाताना एक प्रश्न नक्की न्या: माझ्या रिपोर्टप्रमाणे मला या गोळीचा फायदा किती? ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या) कॅन्सरमध्ये 5 वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने त्या काळात आजार परतायचा धोका साधारण निम्म्यावर येतो, आणि गोळी संपल्यावरही फायदा बरीच वर्षं टिकतो. पण निम्मा म्हणजे कशाच्या निम्मा? जिची गाठ बारीक होती, काखेत काही नव्हतं तिचा मुळात धोकाच कमी, जिच्या काखेतल्या गाठींतही कॅन्सर सापडला होता तिचं गणित वेगळं. हा आकडा समोर नसेल तर तराजूच्या एकाच पारड्यात सगळे साइड इफेक्ट आणि दुसरं रिकामं, मग भीतीच जिंकणार ना.

चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. डिप्रेशनसाठीची पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन टॅमॉक्सिफेनचं काम कमी करू शकतात, त्याला पर्याय असतात, पण मनाने थांबवू नका. शतावरी कल्प, "खास बायकांसाठी" टॉनिक, जाऊबाईंनी आणलेलं चूर्ण, हे सगळंसुद्धा यादीत. जेवणातल्या सोयाबीनचा एवढा बाऊ नको, सोयाच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय नकोत. पाळी चालू असेल तर टॅमॉक्सिफेनवर दिवस राहता कामा नयेत, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत, तेव्हा कॉपर टी किंवा काँडोम याबद्दल आधीच बोला. दुसऱ्या गटाची गोळी असेल तर डेक्सा स्कॅन (हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी तपासणी) आणि व्हिटॅमिन डीची तपासणी सुरुवातीलाच करून घ्या, नंतर तुलनेला आकडा लागतो.

वहीच्या शेवटच्या पानावर ताबडतोब फोन करायच्या गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा, घरच्यांनाही दाखवा. टॅमॉक्सिफेनवर असाल तर एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं, पाळी गेल्यावर रक्त दिसणं. मुलाकडे अमेरिकेला जायचं ठरत असेल तर इतका लांब विमानप्रवास आहे हे तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना सांगा, कुठलं ऑपरेशन ठरलं तरी सांगा.

सांध्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे व्यायाम, ऐकायला कंटाळवाणं आहे माहितीये. अमेरिकेतल्या एका अभ्यासात दुसऱ्या गटाच्या गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या बायकांना वर्षभर आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि 2 वेळा वजनं उचलायला लावली, दुखणं चांगलंच कमी झालं. गोळीच्या आधीच सवय लावा. पर्वती एकदम नको, गुडघे कुरकुरत असतील तर सारसबागेत सपाटीवर फेऱ्या बऱ्या. वाफांसाठी सुती कपडे, रात्री उशिराचा चहा कमी, आणि फारच झालं तर त्यावर हार्मोन नसलेली औषधं मिळतात, ती मागायला संकोच करू नका.

शेवटचं, 5 वर्षांचा विचार आज करूच नका, पहिल्या फॉलोअपपर्यंतचा करा. नाहीच सोसलं तर गोळी बदलता येते. लेट्रोझोलने हैराण झालेल्या कितीतरी जणींना एक्झेमेस्टेन किंवा टॅमॉक्सिफेन चालून जातं, कधी डॉक्टर थोडे आठवडे थांबवूनही बघतात. फक्त गुपचूप बंद करायचं नाही, कारण मग डॉक्टर समजतात गोळी चालू आहे आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर घेतात. चार-पाच दिवस चुकले असतील तर तेही वहीत लिहा आणि फॉलोअपला ती वहीच त्यांच्यासमोर ठेवा, तोंडी सांगताना आपण अर्धं विसरतो.