कुलर लावूनही घामाघूम? या चुका टाळा

अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकला की एक तक्रार घरोघरी ऐकू येते: "कुलर चालू आहे, पण खोलीत नुसतं चिकचिकतंय." गेल्या उन्हाळ्यात मामाकडे गेलो तर हेच. खिडक्या बंद, दाराच्या फटीत जुनी चादर कोंबलेली. मी पलीकडची खिडकी उघडायला गेलो तशी मामी ओरडली, "अरे, उघडू नको ना, गार हवा जाईल सगळी!" तरी वीतभर उघडली. दहा मिनिटांनी मामाने हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

कुलरला एसीसारखं वागवणं, ही सगळ्यात मोठी चूक. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणून दारं बंद लागतात. कुलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून, म्हणजे त्याच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळ्यांतून, ओढतो. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं. ही दमट झालेली हवा बाहेर पडली नाही तर खोलीत ओल साचते आणि अंगावरचा घामही वाळत नाही. कुलर खोलीच्या आत ठेवला तर आणखी वाईट, तीच ओली हवा तो पुन्हा पुन्हा ओढत बसतो. त्याची जागा खिडकीबाहेर, शक्यतो सावलीत. समोरच्या खिडकीत वर्तमानपत्राची पट्टी लटकवून बघा. ती बाहेरच्या बाजूला फडफडली पाहिजे. लोंबकळत राहिली तर खिडकी अजून उघडा.

टाकीत बर्फ टाकणारे बरेच भेटतात. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्याच्या साधारण सातपट एक लिटर पाणी वाफ होताना शोषतं. त्यामुळे बर्फ सरबतात टाका.

ताट्या पूर्ण भिजल्यात का, हे मात्र हात लावून बघाच, अर्थात प्लग काढून. वरच्या पन्हळीतली भोकं क्षारांनी बुजतात, मग ताटीवर कोरडे पट्टे उमटतात आणि गरम हवा नेमकी तिथूनच शिरते. भोकं खिळ्याने मोकळी करा. गवत दबून खाली बसलं असेल तर ताटी बदला, दरवर्षी नवी घातलेली बरी. आणि पंखा लगेच लावू नका. आधी पाच-दहा मिनिटं नुसता पंप चालू द्या.

पाणी वाफ होतं, क्षार मागे राहतात, म्हणून टाकीत नुसती भर घालत राहू नका. आठवड्यातून एकदा ती रिकामी करून कडा घासा. डेंग्यूचा डास याच साठलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी कडेला चिकटून बसतात.

आता जिवाची गोष्ट. पाणी भरताना कुलर नुसता बंद करून चालत नाही, प्लगच काढायचा. पत्र्याच्या कुलरला अर्थिंग नसेल, तीन पिनांऐवजी दोन पिनांचा प्लग लावला असेल, तर वायरमनला बोलावल्याशिवाय तो सुरू करू नका. कुलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात.

एवढं करूनही जूनमध्ये कुलर गार लागेनासा होतो, तेव्हा मिस्त्रीला बोलावू नका. हवाच दमट झालेली असते, पाण्याची फारशी वाफ होत नाही. मुंबई-कोकणात कुलर चालत नाही तो याचमुळे. अशा वेळी पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा.