गृहकर्ज बदलून इतर देणी फेडताय? या चुका टाळा

क्रेडिट कार्डाला महिन्याला साडेतीन टक्के, पर्सनल लोनला वर्षाला 14 टक्के आणि घराच्या कर्जाला 9. मग गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यावं, वर टॉप-अप (त्याच घराच्या तारणावर जादा कर्ज) घ्यावा आणि बाकीची देणी एकदाची मिटवावीत, हा विचार मुळात चुकीचा नाही. माणसं फसतात ती त्यानंतरच्या घाईत.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे हप्ता कमी झाला की फायदा झाला असं समजणं. आकड्यांतच बघा. पर्सनल लोनचे 6 लाख बाकी आहेत, दर 14 टक्के, 36 हप्ते उरलेत. हप्ता साधारण 20,500 आणि पुढचं एकूण व्याज 1 लाख 38 हजार. तेच 6 लाख 9 टक्क्यांच्या टॉप-अपमध्ये 15 वर्षांसाठी टाकले की हप्ता थेट 6,100 च्या आत येतो. घरातल्या सगळ्यांना हायसं वाटतं. पण 180 हप्त्यांत व्याज जातं 4 लाख 95 हजार. दर पाच टक्क्यांनी उतरला आणि व्याज साडेतीन पटीहून जास्त झालं! एजंट कागदावर जुना आणि नवा हप्ता शेजारीशेजारी लिहून दाखवतो. त्याच कागदावर मुदत आणि एकूण व्याज त्याच्याच हाताने लिहून घ्या, मग सही.

टॉप-अपची मुदत फेडायच्या कर्जाच्या उरलेल्या हप्त्यांएवढीच ठेवायची. वरच्या उदाहरणात 36 महिने धरले तर हप्ता 19,080 आणि व्याज 87 हजार, म्हणजे 51 हजार वाचले. आता खर्च वजा करा. पर्सनल लोन मुदतीआधी बंद करायला 4 टक्के आकार असेल तर 24,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 28,320. जुनं गृहकर्ज 40 लाखांचं असेल तर नव्या बँकेकडे एकूण 46 लाखांचं गहाणखत होणार. महाराष्ट्रात त्यावर 0.3 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 13,800. शिवाय प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन. हातात जवळजवळ काहीच उरत नाही. तीनच वर्षं उरलेल्या पर्सनल लोनसाठी बँक बदलू नका, असंच आमचं मत आहे. आहे त्याच बँकेला टॉप-अप मागा, आणि जमलंच तर दर कमी करून घ्या. दर बदलून देण्याची फी बहुतेकदा बँक बदलण्याच्या खर्चाहून बरीच कमी असते.

बँक छोटी मुदत देत नसेल तर मोठी घ्या, पण दरमहा जुन्या हप्त्याएवढेच पैसे भरत राहा. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा आकार लागत नाही. जादा रक्कम मुद्दलात वळती करा, हप्ता तोच ठेवून मुदत घटवा, असं बँकेला लेखी द्या. तोंडी सांगितलेलं राहून जातं. आणि मूळ गृहकर्जाची 11 वर्षं उरली असताना नव्या बँकेत पुन्हा 20 वर्षं लिहून देऊ नका. सापळा तोच आहे, फक्त रक्कम मोठी.

कार्डाचं गणित वेगळं. 2 लाख थकले असतील तर महिन्याचं व्याज 7,000 आणि त्यावर जीएसटी 1,260. इथे टॉप-अप खरंच वाचवतो. पण नेहमी दिसणारं चित्र असं: टॉप-अपचे पैसे बचत खात्यात येतात, बिलावर छापलेली रक्कम भरली जाते आणि कार्ड पाकिटातच राहतं. पुढच्या बिलात दोन-तीन हजार पुन्हा दिसतात, कारण बिलाच्या तारखेपासून पैसे भरल्याच्या दिवसापर्यंतचं व्याज त्यात नव्हतंच. 'आपण तर सगळं भरलंय' म्हणून तिकडे कुणी बघत नाही, विलंब शुल्क चढतं, सिबिलवर डाग पडतो. किंवा दिवाळीत तेच कार्ड बाहेर निघतं आणि दोन वर्षांत कार्डही भरलेलं, टॉप-अपचा हप्ताही चालू.

म्हणून पैसे भरायच्या दिवशी कार्ड कंपनीकडून त्या दिवसापर्यंतची पूर्ण रक्कम विचारून घ्या. पैसे खात्यात आल्यावर त्याच दिवशी भरा. पुढचं बिल शून्य येऊ द्या, मग कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज करा. देणं शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर कंपनीला दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यावे लागतात. नो ड्यूजचं पत्र जपून ठेवा. सूट मिळते म्हणून 'सेटलमेंट' करू नका. सिबिलच्या अहवालात खातं 'क्लोज्ड' दिसायला हवं, 'सेटल्ड' नको.

घर पणाला लागतंय, हे फार थोडे जण बोलून दाखवतात. कार्ड आणि पर्सनल लोन विनातारण असतं, वसुलीसाठी सावकाराला कायद्याची लांब वाट चालावी लागते. गृहकर्जाचे हप्ते 90 दिवस थकले की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, मग 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस आणि त्यानंतर घराचा ताबा. नोकरी डळमळीत असेल किंवा सहा महिन्यांचे हप्ते गाठीशी नसतील तर या वाटेला जाऊ नका.

बँक बदलायचं ठरलंच, तर काम चालू असताना जुन्या बँकेचा हप्ता थांबवू नका. एक हप्ता परत गेला तरी नवी मंजुरी रद्द होऊ शकते.

टॉप-अपमध्ये एकरकमी विम्याचा हप्ता घुसवलाय का, ते मंजुरीपत्रात पाहा. तो सक्तीचा नाही.

कार्ड फेडायला वापरलेल्या टॉप-अपच्या व्याजावर प्राप्तिकरात गृहकर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही.

आणि कागदपत्रं. नव्या बँकेचा चेक जुन्या बँकेत जमा झाला की मूळ करारनामा, सूची क्रमांक 2, शेअर सर्टिफिकेट नव्या बँकेकडे जातात. अर्ज करतानाच जुन्या बँकेकडून कागदांची यादी घ्या आणि ती नव्या बँकेच्या पोचपावतीशी एकेक कागद जुळवा. नव्या गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारदरबारी सूचना) 30 दिवसांत नोंदवावी लागते. बंगला किंवा रो-हाउस असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत जुन्या बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) तसाच राहिलेला असू शकतो. जुन्या बँकेचं पत्र घेऊन लगेच ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा तलाठी) फेरफाराचा अर्ज द्या. तसं केलं नाही, तर दहा वर्षांनी घर विकायला काढल्यावर घेणाऱ्याच्या वकिलाला तो बोजा सापडतो आणि व्यवहार तिथेच अडतो.