चिवडा-मसाल्यासाठी प्लास्टिकचं पॅकिंग कसं निवडावं

पुण्यात रविवार पेठेत पॅकिंगचं सामान घ्यायला गेलात की पहिला सल्ला मिळतो, ‘जाड मायक्रॉनचं घ्या.’ मायक्रॉन हे प्लास्टिकच्या जाडीचं माप. कृपया एवढ्यावर पैसे मोजू नका. आपला माल नेमका कशाने बिघडतो, ते आधी ठरवा. चिवडा दमट हवेने मऊ पडतो आणि ऑक्सिजनने खवट होतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना अडवणारं प्लास्टिकही वेगळं असतं.

साधी एलडीपीई (मऊ पॉलिथीन) पिशवी आणि चकचकीत पारदर्शक बीओपीपी (ताणलेल्या पॉलिप्रोपिलीनची फिल्म), दोन्ही ओल बऱ्यापैकी अडवतात, पण ऑक्सिजन मात्र सहज आत सोडतात. चार पट जाड एलडीपीई घेतली तरी पातळ मेटलाइज्ड पेटच्या (धातूचा पातळ मुलामा दिलेलं पॉलिएस्टर प्लास्टिक) लॅमिनेटची, म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या थरांची, बरोबरी ती करत नाही. त्यामुळे तळलेल्या मालाला मेटलाइज्डच घ्या, प्रकाशही अडतो. दुकानदार जाडी गेजमध्ये बोलला तर १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन, एवढं लक्षात ठेवा.

बरणी घ्यायची तर तळाचा आकडा बघा. १ म्हणजे पेट: दिसायला सुरेख, पण साधारण ७० अंशांपुढे मऊ पडते, म्हणून गरम तूप किंवा लोणच्याची फोडणी तिच्यात ओतू नका. ५ म्हणजे पीपी (पॉलिप्रोपिलीन), ती उष्णता सोसते. ब्लिस्टर (पुठ्ठ्यावर चिकटवलेलं पारदर्शक खोलगट प्लास्टिक) आणि क्लॅमशेल (शिंपल्यासारखी उघडणारी डबी) ब्रश, खेळणी, दागिने अशा वस्तूंसाठी ठीक. तिथेही ३ आकड्याचं पीव्हीसी टाळून पेटचं मागा.

आता सील. मी सर्वांत जास्त झगडले ते इथे, आणि या पायरीबद्दल कुणी धड बोलत नाही. उत्तम लॅमिनेट घेतलं आणि सील कच्चं राहिलं, तर सगळा खर्च पाण्यात.

लाल तिखट भरताना पूड पाउचच्या तोंडाला आतून चिकटते. तिच्यावरून मशीन फिरवलं की सील बसल्यासारखं दिसतं, पण कणाकणाशी बारीक वाट उरते. नरसाळं खोल घाला, तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसा, मगच सील करा. माल पूर्ण गार झालेला हवा, नाहीतर आत वाफ धरते. सील थंड झाल्यावर दोन्ही बाजू ओढून बघा. स्टिकरसारखं सुटलं तर तापमान कमी पडलंय. कड आक्रसून सुरकुतली तर जास्त झालंय.

मग हवा कोंडून सील केलेलं पाउच बादलीत बुडवून दाबा. उभ्या राहणाऱ्या पाउचमध्ये बुडबुड्यांची बारीक माळ बहुतेक वेळा खालच्या कोपऱ्यातून निघते, जिथे तळाची घडी संपून चार थरांचे दोन होतात. प्रत्येक नव्या गठ्ठ्यातली काही पाउचेस अशी तपासाच. झिपलॉकवर विसंबू नका; झिप गिऱ्हाइकाने पाउच फोडल्यानंतर कामाची, तिच्या वर सील हवंच.

मेटलाइज्ड पाउच बाहेरचा ऑक्सिजन अडवतं. आत कोंडलेली हवा आतच राहते. पूड असेल तर हवा दाबून काढता येते, चिवड्याचा मात्र चुरा होईल. त्याला हवेच्या जागी नायट्रोजन भरून घ्या.

तुलना करायची ती भरलेल्या पाउचेसची. ओलीसाठी: पांढरे सिलिका जेलचे दाणे १२० अंशांवर ओव्हनमध्ये कोरडे करा, सारख्या मापाच्या वेगवेगळ्या पाउचेसमध्ये सारखेच भरून सील करा आणि जुलैत बाल्कनीत टांगा. दर आठवड्याला सोनाराच्या काट्यावर तोला. ज्याचं वजन जास्त वाढलं, त्यात ओल जास्त शिरली. खवटपणासाठी: आपलाच माल भरून अर्धी पाउचेस खिडकीत, अर्धी कपाटात ठेवा. दर आठवड्याला एकेक फोडा, फोडताक्षणी वास घ्या आणि चिवड्यातला शेंगदाणा वेगळा काढून चावा.

लेबलवर वजन, एमआरपी, तारखा, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ आकडी क्रमांक आणि शाकाहारी मालाला हिरवी खूण.

भीमथडी जत्रेत स्टॉल घ्यायचा म्हणून घाईने छापील पाउचची मोठी ऑर्डर देऊ नका. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, आणि पाउचचा आकार बदलला की ते सिलिंडर बाद. एक पावसाळा कोऱ्या पाउचवर स्टिकर लावून काढा.