सबव्हर्जनकडून गिटकडे जाताना : परवाना घेण्यापूर्वीची तयारी

सबव्हर्जन आणि गिट ही कोडमधील बदलांचा इतिहास जपणारी साधने आहेत. एकातला इतिहास दुसऱ्यात नेणाऱ्या स्थलांतर-साधनाच्या विक्रेत्याकडे दरपत्रक मागण्यापूर्वी एक गोष्ट लेखी ठरवावी : सगळा इतिहास एकदाच गिटमध्ये आणून सबव्हर्जन बंद करायचे आहे, की काही महिने दोन्ही रेपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेली भांडारे) समांतर चालवायच्या आहेत. एकदाच स्थलांतर करायचे असेल, तर साधनासाठी पैसे मोजण्याची गरज सहसा पडत नाही. गिट-एसव्हीएन हे गिटचाच भाग असून जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मोफत मिळते आणि सबगिट या विकत मिळणाऱ्या साधनाची एकवेळची आयातही परवान्याशिवाय चालते. जीपीएलचे नाव निघताच कायदा विभाग हमखास शंका काढतो, म्हणून त्या अटी साधनाच्या वितरणाला लागू होतात, त्या साधनाने हलवलेला आपला कोड खुला करावा लागत नाही, असे टिपण आधीच तयार ठेवावे.

खरा खर्च समांतर चालवण्याचा असतो, आणि तो बहुतेकदा कमिट करणाऱ्यांच्या, म्हणजे रेपॉझिटरीत बदल नोंदवणाऱ्यांच्या, संख्येवर ठरतो. ही संख्या हजेरीपटावरून काढू नये. सबव्हर्जनच्या लॉगमधून गेल्या वर्षभरातील लेखकांची नावे काढून ती एकेक तपासावीत. ‘एसपाटील’ आणि ‘एस.पाटील’ ही एकाच व्यक्तीची दोन खाती निघतात, नोकरी सोडलेल्यांची नावे तशीच राहिलेली असतात आणि जेनकिन्ससारख्या, कोडची आपोआप बांधणी करणाऱ्या बिल्ड सर्व्हरचे खातेही कमिट करताना दिसते. अशा यंत्र-खात्यांची मोजणी होते का, केवळ कोड वाचणाऱ्यांसाठी पैसे पडतात का आणि एकाच परवाना-किल्लीवर किती रेपॉझिटरी चालतात, याची उत्तरे विक्रेत्याकडून लेखी घ्यावीत. ही चाळून घेतलेली यादी पुढे लेखकांच्या नावांची व ईमेलची जुळणी करणाऱ्या फाइलसाठीही लागते, त्यामुळे हे श्रम दुप्पट कामी येतात. छोटे संघ, मुक्तस्रोत प्रकल्प आणि शिक्षणसंस्था यांना सवलत आहे का, हेही याच पत्रात विचारावे.

मुदतीचा परवाना की कायमचा, हा निर्णय सबव्हर्जन बंद करण्याच्या तारखेवर सोपवावा. सहा महिन्यांत काम आटोपणार असेल, तर कायमचा परवाना माझ्या मते अनावश्यक आहे. मात्र मुदत संपताच दोन्ही रेपॉझिटरी जुळत्या ठेवणारे समक्रमण थांबते की फक्त नव्या आवृत्त्या बंद होतात, हे करारात स्पष्ट हवे, कारण मधेच समक्रमण थांबले आणि दोन्हीकडे कमिट होत राहिले, तर ती तफावत हाताने मिटवावी लागते. सर्व्हर बदलल्यास किल्ली नव्या यंत्रावर नेता येते का, चाचणी सर्व्हरला वेगळी किल्ली लागते का आणि इंटरनेट नसलेल्या जाळ्यात ती सक्रिय होते का, हेही विचारून घ्यावे. विक्रेता परदेशी असल्यास रिव्हर्स चार्जने, म्हणजे विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने, भरायचा जीएसटी आणि परकीय चलनातील भरणा यांसाठी लेखा विभागाला खरेदीआधीच कळवावे.