घरचं मेतकूट: आईचा अंदाज वाटीने कसा मोजावा

तापातून उठलेल्या माणसाचं पहिलं जेवण आमच्याकडे ठरलेलं: गुरगुट्या भात, त्यावर तूप, मेतकूट आणि ताटाच्या कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड. दोन घास गेले की तोंडाला चव येते. बाजारात मेतकूट सहज मिळतं, पण ते आपल्या घरचं नसतं. डाळी त्याच, मसालेही तेच, प्रमाण मात्र प्रत्येक घराचं वेगळं. आणि ते प्रमाण बहुतेक घरांत कुठे लिहिलेलं नसतं, घरातल्या मोठ्या बाईच्या हातात असतं.

म्हणून भाजायला घेण्याआधी ते प्रमाण पकडा. आईला किंवा आजीला फोनवर विचारलंत तर उत्तर येईल, "अगं, अंदाजाने घालायचं." त्यापेक्षा ती करत असताना शेजारी उभं राहा. ती मूठभर डाळ घेईल, ती आधी तुमच्या वाटीत ओतायला सांगा, मोजा, लिहा आणि मगच कढईत जाऊ द्या. वाटी मात्र शेवटपर्यंत एकच ठेवा. मी आईच्या जुन्या पितळी वाटीनेच मोजलं, आणि वहीत सगळ्यात वर 'पितळी वाटी' असं लिहून ठेवलं आहे.

आमचं प्रमाण असं: १ वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, पाव वाटी तांदूळ, २ मोठे चमचे मूग डाळ, २ मोठे चमचे गहू. मसाल्याला १ मोठा चमचा धने, १ लहान चमचा जिरे, अर्धा लहान चमचा मोहरी, पाव लहान चमचा मेथ्या, ८-१० मिरे, ३ सुक्या लाल मिरच्या, १ लहान चमचा हळद, अर्धा लहान चमचा सुंठपूड, अर्धा लहान चमचा हिंग आणि थोडं किसलेलं जायफळ. लहान मुलांसाठी करत असाल तर मिरच्या वगळा, मिरे पुरतात.

आता भाजणं. मेतकुटाचं सगळं यश इथे आहे, त्यामुळे या कामाला तासभर मोकळा ठेवा. डाळी निवडून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. जाड बुडाची कढई, मंद आच, तेलाचा थेंबही नाही. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. हरभरा डाळ सगळ्यात हट्टी. वरून लालसर दिसली तरी आत कच्ची राहते, आणि कच्च्या डाळीचं मेतकूट तोंडात पिठूळ लागतं. आई दोन दाणे गार करून दाताखाली धरते. कट्ट असा आवाज होऊन दाणा फुटला की झालं, नुसता चेपला तर अजून पाच मिनिटं. उडीद डाळ बदामी झाली की वासानेच कळते. तांदूळ पांढरे होऊन फुलायला लागले की उतरवायचे, गहू तडतडले की काढायचे.

मसाले शेवटी, तापलेल्या कढईत. मेथ्यांपासून नजर हलवू नका. एकदा मी दारावरची बेल वाजली म्हणून उठले, तेवढ्यात मेथ्या काळ्या झाल्या. तशाच घातल्या आणि सगळी बरणी कडू झाली, टाकून द्यावी लागली. तेव्हापासून काही करपलं तर तेवढा जिन्नस फेकून नवा भाजते. हळद, सुंठ, हिंग, जायफळ भाजायचं नाही. गॅस बंद करून गरम कढईत नुसतं परतायचं.

सगळं परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम दळलं तर वाफ धरते आणि गोळे होतात. मिक्सरवर थोडं थोडं, थांबत थांबत दळा, बारीक चाळणीने चाळा, वर राहिलेला रवा पुन्हा फिरवा. मीठ घालू नका, मिठाला ओल सुटते. ते जेवताना वरून. कोरड्या काचेच्या बरणीत दोनेक महिने छान राहतं, चमचा तेवढा कोरडा हवा.

भातासाठी अर्धी वाटी आंबेमोहोर, तीन वाट्या पाणी, कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या. झाकण निघालं की डावाने घोटायचा. भात गरम असतानाच तूप, मीठ आणि चमचाभर मेतकूट.

भाताचा कंटाळा आला तर मेतकूट दह्यात कालवा, त्यात बारीक चिरलेला कांदा, वरून मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी. ते पोळीशी खा. पातळ पोह्यांना कच्चं तेल, तिखट, मीठ आणि मेतकूट चोळलं की संध्याकाळचं खाणं पाच मिनिटांत होतं.

घरापासून लांब राहणाऱ्या मुलांना बरणी देताना झाकणाला चिठ्ठी चिकटवा: दळल्याची तारीख, आणि खाली वाटीचं प्रमाण. माझ्या मुलीने गेल्या वेळी चिठ्ठीचा फोटो काढून परत पाठवला. मिरच्यांच्या '३'वर काट मारून तिने '४' केले होते.