टेबल परत देणारं फंक्शन ईएफ कोअरमधून कसं कॉल करायचं

डेटाबेसमध्ये टेबल-व्हॅल्यूड फंक्शन लिहिलेलं आहे, समजा ग्राहकाचा आयडी दिला की त्याच्या शेवटच्या काही ऑर्डरी देतं, आणि आता ते ईएफ कोअरमधून (डॉटनेट कोडमधून डेटाबेस वापरायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) वापरायचंय. बहुतेक जण सरळ फ्रॉमएसक्यूएल (हाताने लिहिलेलं एसक्यूएल चालवणारी मेथड) वापरून सिलेक्ट स्टार ठोकतात. चालतं, पुढे व्हेअर पण लावता येतं, पण प्रत्येक ग्राहकासाठी तेच फंक्शन हवं असेल तर अडतं, मग लूप येतो आणि शंभर ग्राहक म्हणजे डेटाबेसला शंभर फेऱ्या.

ईएफ कोअर ५.० पासून याला नीट रस्ता आहे. आधी रिझल्टसाठी क्लास करा, प्रॉपर्टींची नावं फंक्शनच्या कॉलमशी जुळवा, आणि डीबीकॉन्टेक्स्टच्या (ईएफमधला डेटाबेसशी बोलणारा तुमचा क्लास) ऑनमॉडेलक्रिएटिंगमध्ये त्याला हॅझनोकी लावा, म्हणजे याला प्रायमरी की नाही हे ईएफला कळतं. सोबत टूव्ह्यू मध्ये नल द्यायला विसरू नका, नाहीतर पुढच्या मायग्रेशनमध्ये (डेटाबेसच्या रचनेत बदल करणारा ईएफचा कोड) या क्लासच्या नावाचं टेबलच तयार होऊन बसतं (मी एकदा ते प्रॉडक्शनपर्यंत नेलंय, असो). फंक्शन जर आधीच मॅप केलेल्या टेबलचेच सगळे कॉलम देत असेल तर नवा क्लास नकोच, त्या टेबलची एंटिटी (तिचा क्लास) वापरा, मग जोडलेला डेटा सोबत आणणारं इन्क्लूड पण चालतं.

मग डीबीकॉन्टेक्स्टमध्ये आयक्वेरिएबल परत देणारी मेथड लिहा, आत फक्त फ्रॉमएक्स्प्रेशन आणि त्यात त्याच मेथडला केलेला कॉल. स्वतःलाच बोलवतेय म्हणून घाबरू नका, ती एक्स्प्रेशन म्हणून फक्त वाचली जाते, रिकर्जन होत नाही. शेवटी हॅझडीबीफंक्शनने ही मेथड रजिस्टर करा, डेटाबेसमधलं नाव वेगळं असेल तर ते हॅझनेमने द्या.

आता खरी मजा: लिंक (LINQ, म्हणजे सी शार्पमधली क्वेरी) लिहिताना एक फ्रॉम ग्राहकांवर आणि दुसरा फ्रॉम त्या मेथडवर, आत ग्राहकाचा आयडी. एसक्यूएल सर्व्हरवर याचा क्रॉस अप्लाय (बाहेरच्या प्रत्येक ओळीला फंक्शन लावणारा जॉइन) होतो आणि सगळं एका क्वेरीत येतं. ज्यांच्या ऑर्डरीच नाहीत ते ग्राहक पण हवे असतील तर मेथडच्या कॉलनंतर डिफॉल्टइफएम्प्टी लावा, मग आउटर अप्लाय होतो.

फंक्शन स्वतः मात्र ईएफ बनवत नाही, ते क्रिएट करायचं एसक्यूएल मायग्रेशनमध्ये हाताने टाका.

एवढं करूनही क्वेरी रखडत असेल तर फंक्शन कसं लिहिलंय ते बघा, एकच सिलेक्ट रिटर्न करणारं इनलाइन फंक्शन ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची याचा प्लॅन ठरवणारा एसक्यूएल सर्व्हरचा भाग) व्ह्यूसारखं उघडून मूळ क्वेरीत मिसळतो, पण टेबल व्हेरिएबल भरून देणारं मल्टी-स्टेटमेंट असेल तर आत किती ओळी येणार ते त्याला कळत नाही, एसक्यूएल सर्व्हर २०१४ च्या आधी तो १ धरायचा, २०१४ पासून १०० धरतो, आणि आत लाखभर ओळी निघाल्या की प्लॅनची पार वाट लागते. एसक्यूएल सर्व्हर २०१७ मध्ये इंटरलीव्हड एक्झिक्युशन (आधी फंक्शन चालवून खऱ्या ओळी मोजायच्या, मग उरलेला प्लॅन करायचा) आलं खरं, पण क्रॉस अप्लायमध्ये बाहेरच्या ओळीचा आयडी पास होत असेल तर त्याचा उपयोग नाही, म्हणून मी तरी आधी ते फंक्शन इनलाइन होतंय का तेच बघतो.