ब्राउनी केकसारखी हवी? एक अंडं जास्त घाला

खोक्यातल्या मिक्सची ब्राउनी बहुतेकदा आतून दाट, चिकट होते. हलकी आणि जाळीदार हवी असेल तर त्याच मिश्रणात एक अंडं जास्त घाला. अमेरिकेतल्या बऱ्याच खोक्यांवर हे छापलेलंच असतं: दोनऐवजी तीन अंडी. अंड्यातली प्रथिनं भाजताना घट्ट होऊन ब्राउनीला आधार देतात आणि त्यातल्या पाण्याची वाफ तिला फुगवते. तेल मात्र वाढवायचं नाही. पीठ फारच घट्ट वाटलं तर चमचाभर दूध चालेल. ओव्हन १७५ अंशांवर. मधोमध टूथपिक खुपसून बघा, ओलं पीठ लागलं तर अजून पाचेक मिनिटं. कडा भांड्यापासून सुटू लागल्या की लक्ष ठेवा, जास्त भाजली तर कोरडी ठणठणीत होते. मग वर आइस्क्रीम घालूनही फारसा उपयोग नाही.